मुलांचं वजन आणि कोलेस्टेरॉल कसं तपासायचं, आकडे कसे वाचायचे

माझ्या मुलाचा लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा रिपोर्ट आला तेव्हा तो ११ वर्षांचा होता. एकूण कोलेस्टेरॉल १९२, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १२८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) ११०. प्रत्येक आकड्यासमोर मर्यादा छापलेली होती आणि एकही आकडा तिच्या बाहेर नव्हता. कुठे ठळक अक्षर नाही, कुठे चांदणी नाही. मी हुश्श केलं आणि कागद फाइलला लावून टाकला. पुढच्या आठवड्यात आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी तोच कागद हातात घेतला आणि पेनाने छापील मर्यादांवर सरळ काट मारली. "या मोठ्यांच्या आहेत. याचं वय बघा ना!"

मुलांच्या मर्यादा लावल्यावर चारही आकडे काठावर आले. पाचवा आकडा रिपोर्टात छापलेलाच नव्हता, तो बाईंनी वजाबाकी करून काढला आणि तो मात्र काठ ओलांडून पलीकडे गेला होता. गंमत म्हणजे माझा मुलगा हडकुळा आहे. घरात ज्याच्या तब्येतीची चर्चा व्हायची तो माझा भाचा, ताईचा मुलगा. चांगला गुबगुबीत. त्याचं एलडीएल पुढे अगदी व्यवस्थित निघालं.

तेव्हापासून दोन गोष्टी डोक्यात पक्क्या बसल्या. मुलाचा आकडा मोठ्यांच्या पट्टीवर वाचायचा नाही. आणि वजनावरून कोलेस्टेरॉलचा, कोलेस्टेरॉलवरून वजनाचा अंदाज बांधायचा नाही. दोन्ही वेगवेगळं तपासायचं. पहिल्यांदाच या वाटेला लागलेल्या पालकांसाठी ही वाट टप्प्याटप्प्याने लिहितो आहे. निदान डॉक्टरांनीच करायचं. पण त्यांच्यासमोर बसताना हातात काय असावं आणि काय विचारावं, हे आपल्याला कळायला हवं.

पायरी १: आधी घरातल्या माणसांची चौकशी

वजनकाट्याच्याही आधी फोन उचला. आजी, आत्या, मामा, काका, सगळ्यांना विचारा: घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला का? कमी वय म्हणजे पुरुषांत ५५ च्या आत, बायकांत ६५ च्या आत. मुलाचे आई-वडील, सख्खी भावंडं, आजी-आजोबा, काका-मामा, आत्या-मावशी एवढी नाती मोजायची. अ‍ॅटॅक, बायपास, अँजिओप्लास्टी, अचानक मृत्यू, सगळं धरायचं.

आपल्याकडे ही माहिती सरळ मिळत नाही. "छातीत गॅस धरला आणि गेले", "झोपेतच गेले, पुण्यवान माणूस", अशी वाक्यं ऐकू येतात. तिथे थांबून वय विचारायचं. माझ्या वडिलांना ४९ व्या वर्षी अ‍ॅटॅक आला होता. आम्ही ते इतकी वर्षं सिगारेटच्या खात्यावर टाकून मोकळे झालो होतो.

दुसरी चौकशी स्वतःची. आई किंवा वडिलांचं एकूण कोलेस्टेरॉल २४० किंवा त्याहून जास्त असेल, तर मुलाची तपासणी करायला तेवढं कारण पुरतं. चाळिशी आली तरी एकदाही लिपिड प्रोफाइल न केलेले कितीतरी आई-बाप मला माहीत आहेत, मीही त्यातलाच होतो. मुलाच्या आधी आपली सुई टोचून घ्या.

तिसरी, मुलाची स्वतःची यादी: मधुमेह, उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार, थायरॉइड, बाळपणी झालेला कावासाकी आजार (यात रक्तवाहिन्यांना सूज येते), रोज चालू असलेली औषधं, आणि घरात कुणी धूम्रपान करतं का. हे सगळं एका कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या पानावर लावा.

पायरी २: उंची आणि वजन नीट मोजा

सोपं वाटतं म्हणून इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, आणि वजनापेक्षा उंचीच्या जास्त.

भिंत सरळ हवी. खाली स्कर्टिंगची पट्टी पुढे आलेली असेल तर ती भिंत नको, दाराची चौकट घ्या. पाय अनवाणी. वेणी, अंबाडा, क्लिप, हेअरबँड काढायचं. टाचा, पार्श्वभाग, खांदे आणि डोक्याची मागची बाजू टेकलेली. नजर समोर, म्हणजे कानाचं भोक आणि डोळ्याची खालची कड एका आडव्या रेषेत. मुलं उंच दिसायला हनुवटी वर करतात, ती खाली आणा. मग जाड पुठ्ठ्याचं पुस्तक डोक्यावर काटकोनात टेकवा, पेन्सिलीने खूण करा आणि मूल बाजूला झाल्यावर टेपने मोजा. तीनदा मोजून मधला आकडा धरा. सकाळची उंची संध्याकाळपेक्षा जवळपास सेंटीमीटरभर जास्त भरू शकते, म्हणून दर वेळी साधारण एकाच वेळेला मोजा.

दोन वर्षांखालच्या बाळाची उंची झोपवून मोजतात. झोपून घेतलेलं माप उभ्या मापापेक्षा सुमारे ०.७ सेंटीमीटर जास्त येतं. म्हणून दोन वर्षांच्या आसपास बाळाची उंची "थांबली" असं वाटलं तर आधी मोजण्याची पद्धत बदलली का ते पाहा.

वजनकाटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर किंवा मॅटवर नाही. काट्यावर शंका असेल तर १० किलो तांदळाची सीलबंद पिशवी ठेवून बघा. कपडे हलके, खिसे रिकामे. आणि मोजणी दर तीन ते सहा महिन्यांनी पुरते. रोज काट्यावर उभं केलेलं मूल तब्येत नाही, भीती शिकतं.

शाळेत होणाऱ्या तपासणीचं कार्डही जपून ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, तोही आपल्या पालघरला. त्यात सरकारी आणि अनुदानित शाळांमधल्या मुलांची वर्षातून एकदा आणि अंगणवाडीतल्या बाळांची वर्षातून दोनदा तपासणी होते. त्या कार्डावरचा दोन वर्षांपूर्वीचा आकडा आज सोन्याच्या मोलाचा ठरतो, कारण एका आकड्यापेक्षा आकड्यांची चाल जास्त सांगते.

पायरी ३: बीएमआय काढा आणि तक्त्यावर ठेवा

बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा. वजन किलोत, उंची मीटरमध्ये. कॅल्क्युलेटरवर वजनाला उंचीने दोनदा भागायचं. भाच्याचं उदाहरण घेऊ. वय १०, उंची १४० सेंटीमीटर, वजन ४४ किलो. ४४ भागिले १.४, पुन्हा भागिले १.४: बीएमआय २२.४.

ताईने हा आकडा मोबाइलवर टाकला आणि हिरवा रंग आला. "बघ, नॉर्मल! उगाच घाबरवतोस." मोबाइलने वय विचारलंच नव्हतं. २२.४ हा मोठ्या माणसाला छान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात १० वर्षांच्या मुलग्यांचा मधला बीएमआय १६.४ आहे आणि २१.४ च्या पुढे स्थूलता धरतात. म्हणजे मोबाइलवर हिरवा दिसलेला भाचा खरं तर लाल पट्ट्यात होता.

असं का? मुलांच्या अंगावरची चरबी वयाबरोबर खालीवर होते. बाळाचा बीएमआय साधारण वर्षाच्या सुमारास सर्वांत जास्त असतो, त्यालाच आपण बाळसं म्हणतो. मग तो उतरत जातो. चालू-पळू लागलेलं मूल "वाळलं" म्हणून आजी हळहळते, पण ते उतरणं निसर्गनियमानेच असतं. पाच-सहाव्या वर्षी तो तळाला पोचतो आणि तिथून पुन्हा चढायला लागतो. ही चढण फार लवकर, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षीच सुरू झाली, तर पुढे स्थूलतेचा धोका जास्त. त्यामुळे पाचव्या वर्षी बरगड्या दिसणारं, पण खेळकर आणि नीट उंची वाढणारं मूल बहुधा ठीक असतं.

तक्ता कोणता? पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचा. ५ ते १८ वयासाठी इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा, म्हणजे आयएपीचा २०१५ चा तक्ता. तो भारतीय मुलांच्या मापांवरून केलेला आहे आणि त्या कामात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. मुलगे आणि मुलींचे तक्ते वेगळे असतात. आयएपीचं मोबाइल अ‍ॅपही आहे. त्यात जन्मतारीख घातली की खूण आपोआप योग्य जागी पडते.

कागदी तक्त्यावर खाली वय, बाजूला बीएमआय. वय वर्षं-महिन्यांत घ्या. साडेनऊचं मूल दहाचं धरलं तरी रेषा बदलू शकते. तक्त्यावर वरच्या बाजूला दोन रेषा आहेत, २३ ची आणि २७ ची. मोठेपणी २३ आणि २७ बीएमआय होईल अशी ही मुलांच्या वयातली वाट आहे. २३ ची रेषा ओलांडली तर वजन जास्त, २७ ची ओलांडली तर स्थूलता. सर्वांत खालच्या, तीनच्या रेषेखाली (त्या वयाच्या शंभर मुलांत जेमतेम तिघं तिच्या खाली असतात) गेलं तर कृशता, आणि तीही तितक्याच गांभीर्याने घ्यायची.

जागतिक तक्त्यातल्या याच रेषा १९ व्या वर्षी साधारण २५ आणि ३० ला जाऊन टेकतात. आपल्या रेषा एवढ्या खाली का, याचं उत्तर समजायला पुण्याच्याच एका फोटोची आठवण सांगतो. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो आला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या गावांतल्या नवजात बाळांच्या अभ्यासातही तेच दिसलं होतं: वजनाने इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हलकी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून. दिसायला बारीक आणि आत चरबी, हा आपला साचा जन्मापासूनचा आहे. म्हणून अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या मराठी घरात तिथल्या शाळेने किंवा डॉक्टरने "सगळं ठीक" सांगितलं असलं, तरी एकदा आयएपीच्या तक्त्यावर खूण करून पाहायला हरकत नाही.

उंचीतली चूक किती महागात पडते तेही पाहा. भाच्याची उंची १४० ऐवजी १३८ लिहिली असती, तर बीएमआय २३.१ झाला असता.

पायरी ४: टेप आणि डोळे

बीएमआय हाड, स्नायू, चरबी काहीच वेगळं करत नाही. कबड्डी खेळणारी पंधरा वर्षांची मुलगी आणि दिवसभर सोफ्यावर असलेली तिची मैत्रीण एकाच आकड्यावर येऊ शकतात. म्हणून कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर, टेप न आवळता. साधारण सहा वर्षांपुढे नियम सोपा आहे: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. १४० सेंटीमीटरच्या मुलाची कंबर ७० च्या आत. भाच्याची ७४ भरली.

मग मान पाहा. मागच्या बाजूला, काखेत, कोपराच्या वळणावर त्वचा काळसर, जाडसर, मखमलीसारखी झाली आहे का? आपल्याकडे ती मळ समजून दगडाने घासतात, हळद-बेसन लावतात, मुलाला "आंघोळ नीट करत नाहीस" म्हणून ओरडा बसतो. तो मळ नाही. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झाल्याची ती खूण असते. भाच्याच्या मानेवर ती दोन वर्षांपासून होती आणि ताईने दोन प्रकारचे साबण बदलून पाहिले होते.

आणखी एक साधी गोष्ट, जी डॉक्टर पहिल्या नजरेत पाहतात. जाड मूल वयाच्या मानाने उंचही असेल, तर कारण बहुधा खाणं-पिणं, बैठी सवय आणि घराण्याचा बांधा. जाड आहे आणि उंची मात्र मागे पडत चालली आहे, तर थायरॉइडसारखा ग्रंथींचा विकार शोधावा लागतो. "थायरॉइड असेल" हे प्रत्येक गुबगुबीत मुलाबद्दल ऐकू येतं, पण थायरॉइडची खरी चाहूल उंचीच्या रेषेत लागते.

घोरणं, झोपेत श्वास अडकणं, मुलींची पाळी सुरू होऊन बराच काळ झाला तरी अनियमित असणं, गुडघे दुखणं, हे सगळंही डॉक्टरांना सांगायच्या कागदावर. रक्तदाब तीन वर्षांपुढे वर्षातून एकदा मोजावा, आणि तो मुलांच्या मापाच्या पट्ट्याने. मोठ्यांचा पट्टा मुलाच्या दंडाला सैल बसतो आणि आकडा खोटा कमी येतो.

पायरी ५: रक्त तपासायचं का, आणि कोणत्या वयात

इथे जाणकारांत एकमत नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये सांगितलं की प्रत्येक मुलाचं कोलेस्टेरॉल ९ ते ११ वयात एकदा आणि १७ ते २१ मध्ये एकदा पाहावं. तिथल्याच दुसऱ्या एका स्वतंत्र तज्ज्ञ कृतिदलाने २०२३ मध्ये म्हटलं की लक्षणं नसलेल्या सगळ्या मुलांना सरसकट तपासावं की नाही हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही. आपल्याकडे कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये सांगितलेलं पहिल्या तपासणीचं वय आहे १८. घरात कमी वयातला हृदयविकार किंवा आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा विकार असेल तर त्याआधीच.

माझं मत विचाराल तर पायरी १ च्या कागदावर एक जरी "हो" असेल, किंवा पायरी ३ मध्ये मूल स्थूलतेच्या रेषेवर असेल, तर ९ ते ११ च्या दरम्यान तपासणी करून घ्यावी. घरात काही नाही आणि मूलही व्यवस्थित आहे, तर डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबावं. दोन वर्षांच्या आत सहसा तपासतच नाहीत.

९ ते ११ हेच वय का? वयात येताना एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल आपोआप १० ते २० टक्क्यांनी उतरतं आणि नंतर पुन्हा चढतं. १४ व्या वर्षी आलेला चांगला रिपोर्ट म्हणूनच थोडा फसवा असू शकतो. भर पौगंडावस्थेतल्या सर्वसाधारण मुलांची सरसकट तपासणी टाळतात, पण कारण असेल तर तेव्हाही करतात.

एवढ्या लहान वयात कशाला, हा प्रश्न सगळे विचारतात. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ मध्ये आला. सरासरी वय २२, आणि चारांपैकी तिघांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत रोगाच्या खुणा होत्या. पन्नाशीतल्या अ‍ॅटॅकची सुरुवात शाळकरी वयात झालेली असते.

पायरी ६: तपासणीच्या दिवशी

पहिल्या चाळणीसाठी उपाशी राहायची गरज नाही. एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल जेवणाने फारसं हलत नाही. ट्रायग्लिसराइड मात्र हलतं, म्हणून ते जास्त आलं किंवा आधीच शंका असेल तर उपाशीपोटी करा. रात्री लवकर जेवण, मग १० ते १२ तास फक्त पाणी. दूध नाही, चहाचा घोटही नाही. सकाळचा पहिला नंबर घ्या आणि डबा सोबत न्या. रक्त दिल्याबरोबर मुलाला खायला द्या.

ताप, जुलाब किंवा मोठं आजारपण होऊन गेलं असेल तर तीन-चार आठवडे थांबा, आजारात आकडे बदलतात. स्टिरॉइड चालू असेल तर सांगा. किशोरवयीन मुलं-मुली पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असतील तर आवर्जून सांगा, त्याने ट्रायग्लिसराइड वाढू शकतं. चेहऱ्याच्या गोळीचा रक्तातल्या चरबीशी काय संबंध, असं वाटून हीच गोष्ट सांगायची राहून जाते.

पायरी ७: रिपोर्ट वाचा

लॅबच्या छापील मर्यादा झाका. बहुतेक ठिकाणी संगणकात मोठ्यांच्याच मर्यादा भरलेल्या असतात. मुलांसाठीचे आकडे हे, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये:

- एकूण कोलेस्टेरॉल: १७० च्या आत ठीक, १७० ते १९९ काठावर, २०० पासून जास्त.
- एलडीएल: ११० च्या आत ठीक, ११० ते १२९ काठावर, १३० पासून जास्त.
- नॉन-एचडीएल: १२० च्या आत ठीक, १२० ते १४४ काठावर, १४५ पासून जास्त.
- ट्रायग्लिसराइड, ९ वर्षांपर्यंत: ७५ च्या आत ठीक, १०० पासून जास्त. १० ते १९ वर्षं: ९० च्या आत ठीक, १३० पासून जास्त.
- एचडीएल: ४५ च्या वर ठीक, ४० ते ४५ काठावर, ४० च्या खाली कमी.

नॉन-एचडीएल म्हणजे एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा. माझ्या मुलाचं १९२ वजा ४२, १५०. हाच तो पाचवा आकडा. उपाशी असो-नसो हा आकडा फारसा बदलत नाही आणि रक्तवाहिन्यांना त्रास देणारे सगळे कण त्यात मोजले जातात, म्हणून मुलांच्या चाळणीला तो सगळ्यात सोयीचा. रिपोर्टमध्ये नसेल तर स्वतः वजाबाकी करा.

अनेक लॅबमध्ये एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत, सूत्राने काढतात: एकूण वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे गेलं की हे सूत्र कोलमडतं. तेव्हा एलडीएल थेट मोजून मागा.

लंडन, मेलबर्न किंवा टोरांटोला असाल तर रिपोर्ट मिलिमोलमध्ये येईल. कोलेस्टेरॉलच्या आकड्यांना ३८.७ ने आणि ट्रायग्लिसराइडला ८८.६ ने गुणा. एलडीएल ३.३ म्हणजे साधारण १२८.

एका रिपोर्टवर काहीही ठरवायचं नाही. कोलेस्टेरॉल दिवसागणिक थोडं हलतं. आकडा जास्त आला तर दोन आठवडे ते तीन महिन्यांच्या अंतराने पुन्हा उपाशीपोटी तपासून दोन्हींची सरासरी धरतात. सोबत थायरॉइड, साखर, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या डॉक्टर सुचवतील. थायरॉइड मंदावलं की कोलेस्टेरॉल चढतं आणि उपचार त्या मूळ आजाराचा करावा लागतो.

आता भाच्याचा रिपोर्ट. एलडीएल ९६, छान. ट्रायग्लिसराइड १६८ आणि एचडीएल ३६. आपल्या मुलांचा हाच ठरलेला साचा. २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वयाच्या मुलांत एकूण कोलेस्टेरॉल जास्त असलेले फक्त ३ टक्के होते, ट्रायग्लिसराइड जास्त असलेले ३४ टक्के. "कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे" एवढं ऐकून उठून यायचं नाही ते याचसाठी.

पायरी ८: कुठे थांबायचं नाही

एलडीएल १६० च्या पुढे आणि घरात कमी वयातला हृदयविकार, किंवा घरात काहीच नसताना एलडीएल १९० च्या पुढे: हे खाण्यापिण्याने होत नाही. आनुवंशिक विकाराची शंका घ्यायची. साधारण अडीचशे माणसांत एकाला हा विकार असतो आणि एका पालकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. रक्तातलं एलडीएल उचलून घेणारे पेशींवरचे रिसेप्टर कमी पडल्यामुळे हे होतं. ते शोधणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. अशी मुलं बहुधा बारीकच असतात. क्वचित, दोन्हीकडून विकार आला तर लहानपणीच कोपर, गुडघे, टाचेमागची शीर इथे पिवळसर गाठी दिसतात. मामाच्या मुलीशी लग्न चालणाऱ्या घरांत ही शक्यता वाढते. अशा वेळी तज्ज्ञ डॉक्टर साधारण ८ ते १० वर्षांपुढे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी सुरू करू शकतात, आणि एका मुलात सापडलं की आई-वडील, भावंडं सगळ्यांची तपासणी करायची असते.

ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे गेलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, पुढच्या महिन्याची तारीख घेत बसू नका. आणि वजन स्वतःहून भराभर उतरतंय, तहान आणि लघवी वाढलीय, तर "बरं झालं, उतरला" म्हणू नका. त्याच दिवशी साखर तपासा.

बाकीच्यांनी काय करायचं

काठावरच्या आकड्यांसाठी आधी खाणं आणि हालचाल, मग तीन ते सहा महिन्यांनी फेरतपासणी. दोन मुलांना दोन वेगळ्या गोष्टी लागल्या. माझ्या मुलाला एलडीएलसाठी साय, चीज, खारी, बेकरीची बिस्किटं कमी केली, डाळी-उसळी, भाज्या आणि सालासकट फळं वाढवली. वरणभातावरचं तूप बंद केलं नाही, चमच्याने मोजलं. भाच्याच्या ट्रायग्लिसराइडला तुपाने नाही, साखरेने आणि मैद्याने वाढवलं होतं: दुधात दोनदा टाकलेली चॉकलेटी पावडर, खोक्यातला ज्यूस, क्लासच्या आधी बिस्किटांचा पुडा. तेवढ्याच गोष्टी घरात आणणं बंद झालं, घरातल्या सगळ्यांसाठी. एकट्या मुलाचं ताट वेगळं काढलं की ते मूल चोरून खायला शिकतं.

वाढत्या मुलाचं वजन उतरवायचंच असं नसतं. भाच्याचं वजन वर्षभर ४४ वर राहिलं आणि उंची १४६ झाली, तर बीएमआय २०.६ वर येतो. एक किलोही न उतरवता. मात्र फार पुढे गेलेल्या किशोरांना वजन उतरवावं लागतं आणि ते डॉक्टर व आहारतज्ज्ञांच्या देखरेखीत. रोज तासभर घाम येईल असं खेळणं, शाळकरी वयात ९ ते १२ आणि तेराच्या पुढे ८ ते १० तास झोप.

राहिली बोलण्याची गोष्ट. मोजमाप खोलीत, दार लावून, आणि आकडा बाहेर सांगायचा नाही. गणपतीत मोदकाचं ताट हातात घेतलेल्या तेरा वर्षांच्या मुलीला चार मावश्यांसमोर "अगं, किती सुटलीस!" म्हटलं की ती मोदक ठेवते आणि रात्री एकटीने फ्रिज उघडते. जेवणं टाळणं, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाणं, आरशासमोर सतत पोट ओढून पाहणं असं काही दिसलं तर वजनाचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांशी बोला.

पुढच्या भेटीला फाइलमध्ये एवढं असू द्या: घराण्याचा कागद, तारखांसह उंची-वजनाच्या नोंदी, खुणा केलेला तक्ता, कमरेचं माप, चालू औषधं आणि मागचे सगळे लिपिड रिपोर्ट. आमच्याकडे भाच्याची दुसरी तपासणी दिवाळीच्या सुट्टीत ठरली होती. ताईने ती फराळ पचल्यावर तीन आठवड्यांनी ढकलली, आणि डॉक्टर बाई तिला त्याबद्दल काही बोलल्या नाहीत.